तळघरातली डबी

पुणे, ४ मार्च १९९६

ती. कमलताईस,
गिरीशचा शि. सा. न. वि. वि.

ज्योतीच्या कॉम्प्युटर क्लासात आता बावीस मुली येतात, हे वाचून फार आनंद झाला. सासर सोडून आलेली तुझी लेक दोन वर्षांत स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

आता एक विचारतो. युनिव्हर्सिटीच्या सत्यवतीबाईंनी तुमच्या बरकतपुऱ्यात घरोघर रेडॉन मोजायला ज्या फिल्मच्या डब्या टांगल्या होत्या, त्यांचे आकडे माझ्याकडे तपासायला आले आहेत. तुझ्या घरच्या दोन, एक गच्चीवरच्या खोलीतली आणि एक तळघरातल्या क्लासमधली. दोन्हींचा आकडा सारखाच! ताई, असं होत नाही. रेडॉन वायू दगडातून झिरपतो, आणि तुझं तळघर तर खडक फोडून केलेलं. त्यात एसीसाठी खिडक्या लिंपून टाकलेल्या. या वायूला रंग नाही, वास नाही. पण वर्षानुवर्षं छातीत गेला तर कॅन्सरचा धोका वाढतो. डबी तीन महिने तिथेच होती ना?

उत्तर लगेच धाड. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा गिरीश

*

बरकतपुरा, ११ मार्च

चि. गिरीशला अनेक आशीर्वाद.

डबी तिथे नव्हती. सत्यवतीबाई गेल्या त्याच दुपारी मी ती काढून गच्चीवरच्या खोलीत ठेवली. त्या परत यायच्या आदल्या दिवशी पुन्हा खिळ्याला अडकवली.

शेजारचे प्रतापराव म्हणाले होते की रिपोर्ट खराब आला तर कोण आपल्या मुली इथे पाठवील? मला वाटलं, क्लास बंद पडला की ज्योती हताश होऊन नवऱ्याकडे परत जाईल. त्या घरात तिचा हात मोडला होता, गिरीश. तो मोडका हात मी डोळ्यांनी पाहिला. तुझा वायू कुणी पाहिलाय?

पण तुझं पत्र आलं तेव्हापासून मी पुरी परेशान आहे. खालून कुणी खोकलं की काळजाचं पाणी होतं. पोर दहा-दहा तास तिथे बसते. तिला यातलं काही माहीत नाही. मी हे काय करून बसले रे?

तुझी अभागी
ताई

*

पुणे, १६ मार्च

ती. ताईस सा. न.

रागावलो नाही. पण ज्योतीला आजच सांग, आणि तूच सांग. क्लास वर हलवा. सत्यवतीबाई नवी डबी लावतील. तिला हात लावू नकोस.

गिरीश

*

बरकतपुरा, २ जुलै

ती. गिरीशमामास,
ज्योतीचा शि. सा. न. वि. वि.

तळघराचा आकडा आला. ज्या आकड्यापुढे गेलं की घर दुरुस्त करावं म्हणतात, त्याच्या चौपट. सत्यवतीबाईंनी समजावलं की धोका वाढतो, म्हणजे आजार होणारच असं नाही. मी मान डोलावली.

बावीसही मुलींच्या घरी मी स्वतः जाऊन आले. शेजारच्या नल्लकुंट्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी दार लावून घेतलं. अकरा मुली वरच्या खोलीत पुन्हा येऊ लागल्या आहेत. तळघराच्या खिडक्या फोडल्या, पंखा बसवला. पण मामा, गेलेली दोन वर्षं कोणत्या खिडकीतून बाहेर काढू?

आईनं डबीचं सांगितल्यावर मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. काल जेवताना मला ठसका लागला. पाणी द्यायचं सोडून आई ताटावरून उठली, माझ्या पाठीला कान लावून बसली आणि हलेचना. मग मीच तिला जवळ घेतलं. तिला सांगितलं की मी कुठे जात नाही, त्या घरीसुद्धा नाही. दोघीही भ्यालो होतो, पण निदान एकत्र.

येऊन जा. तुमच्या आशीर्वादाची आता खरी गरज आहे.

तुमची
ज्योती