अकरा वर्षांचा तीन

२ मार्च
तीनला आज अकरा वर्षं पूर्ण. इतरांच्या लायब्रऱ्यांचे आकडे दरसाल चढतात. माझी ३ वरच. याला संयम लागतो. संकल्प: हयातभर ३.
बायकोने विचारलं, हा आकडा म्हणजे नक्की काय. समजावलं. लायब्ररी म्हणजे सामाईक कोड. मजकुराचे ब्रेल ठिपके कसे करायचे ते माझ्या लायब्ररीला ठाऊक, बाकीचे प्रोग्रॅम तिला विचारतात. पहिला आकडा तोच आहे, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमांनी निर्धास्त राहावं, असा दिलेला शब्द. त्यांचं बिघडेल असा बदल केला तर आकडा वाढवायचा. ती म्हणाली, अकरा वर्षं एक आकडा धरून ठेवायचाच होता तर कमरेचा धरायचास.

५ मार्च, सकाळी ७
अक्षराच्या नोंदीत एक नवं घर वाढवलं: ठळक की साधं. घर शेवटी वाढवतात. मी मधे घातलं. मधे सुबक दिसतं. ४ करावा का, यावर दीड मिनिट विचार केला. बदल एका ओळीचा. ३.९.२ म्हणून सोडून दिलं.

५ मार्च, दुपार
मेहुण्याचा फोन. माझ्या लायब्ररीचं पॅकेज बांधून लोकांच्या मशीनपर्यंत तोच पोचवतो. म्हणाला, भावोजी, मधेच काही घुसवलं नाहीत ना, पहिला आकडा तोच दिसतोय म्हणून विचारतो. मी दुखावलो. अकरा वर्षांचा अनुभव आहे, म्हटलं. म्हणाला, तीच तर भीती आहे. पण पॅकेज लावलं त्याने.
'नाही घुसवलं' असं मी म्हणालो नाही, हे नमूद करतो.

९ मार्च
अंध मुलांच्या शाळेतल्या एका बाईंची मेल. तेराला परीक्षा, बावीस मुलं. प्रश्नपत्रिका ब्रेल प्रिंटरवर काढतात. परवाच्या अपडेटपासून नुसता कचरा छापला जातोय. सरावाच्या पेपरवर बोट फिरवून एक मुलगी म्हणाली म्हणे, बाई, हा पेपर बोबडं बोलतोय.
लिहिलं, प्रिंटर साफ करून बघा. शक्यता नाकारता येत नाही.

१० मार्च
बाईंनी प्रिंटर उघडून एकेक पिन पुसली. ठिपके आता छान उठतात, शब्द तसेच बोबडे. केबल बदलायला सांगितलं.
कोड उघडून बघावा असं जेवताना दोनदा वाटलं. भाजी गार झाली असती.

११ मार्च, सकाळ
कोड उघडला. जुने प्रोग्रॅम तिसऱ्या घरात अक्षर शोधतात. तिथे आता माझं सुबक 'ठळक' पाय पसरून बसलंय. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधून घेतले असते तर चाललं असतं. पण आकडा तोच म्हटल्यावर कोण कशाला बांधेल? म्हणजे चूक माझी. तांत्रिक अर्थाने.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आत्ता कळव त्या बाईंना. म्हटलं, आधी दुरुस्ती, मग कळवणं, उगाच काळजी करत बसतील. ती म्हणाली, आत्ता काय नाचतायत का त्या?
संकल्प: उद्या ४. कबुलीसह.

१२ मार्च
कबुलीचा चौथा मसुदा. पहिल्यात 'माझी चूक'. दुसऱ्यात 'आमची' (आम्ही म्हणजे मीच). तिसऱ्यात 'चूक झाली'. चौथ्यात 'काही विशिष्ट परिस्थितीत'.
सकाळी अकरा वाजता मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, लोक बोंबलतायत, ४ करा, दोन तासांत सगळं नव्याने बांधून देतो. म्हटलं, मजकूर पक्का होऊ दे.
संध्याकाळी सहाला ४ केलं, आठपर्यंत मेहुण्याने सगळं बांधून पाठवलं. घोषणेत 'काही विशिष्ट परिस्थितीत' ठेवलं. बाईंना वेगळं कळवायचं राहिलं. शाळा पाचला बंद होते, हे मला कुठून माहीत असणार? त्यांच्या मेलखाली वेळ लिहिलेली असते, पण मेलखालचं कोण वाचतं?

१४ मार्च
बाईंची मेल. परीक्षा पार पडली. बाराला दिवसभर त्यांनी आणि एका अंध शिक्षिकेने मिळून बावीस पेपर ब्रेलच्या पाटीवर टोचणीने हाताने टोचले. कागद उलटून वाचायचा म्हणून उजवीकडून डावीकडे, एकेक ठिपका. बोटं सुजली म्हणून शेवटचे दोन प्रश्न गाळले. मुलं हिरमुसली. त्याच प्रश्नांची तयारी जोरात केली होती.
पुढे लिहिलंय: कालपासून प्रिंटर आपोआप नीट चालतोय. नवी केबल रुळायला वेळ लागला असावा. म्हणजे दोष आमच्याकडेच होता. तुमच्यासारख्या कामाच्या माणसाला उगाच त्रास दिला, माफ करा.
चारही मसुदे समोर घेऊन तासभर बसलो. पहिला दोनदा वाचला.
मग उत्तर पाठवलं. काही हरकत नाही, म्हटलं.