बारकीच्या वाचनाची वकिली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला (आणि त्यावरून होणारी तुमची भांडणं) आटोक्यात आहे असं धरून चालतो. इकडे शिवणयंत्र कुरकुरतं, ही कुरकुरत नाही. एकूण बरं चाललंय.

पत्रास कारण बारकी. पोरगी यंदा दुसरीत गेली, पण वाचते थोरामोठ्यांसारखं. शिकवलं म्हणशील तर कोणीच नाही. मी सदरे बेततो जुन्या वर्तमानपत्रांवर, आणि उरलेली पानं घेऊन ही टेबलाखाली बसते. त्यामुळे तिचं वाचन अफाट, पण अर्धवट. चोर सापडला की नाही, हे कुणाच्या तरी बाहीबरोबर कापलं गेलेलं असतं. मग उरलेली बातमी बाईसाहेब मनानंच पुरी करतात. (मागे एका मंत्र्याला तिनं बसल्या जागी विहिरीत ढकललं होतं.)

तर ही पोर हल्ली वाचताना अडखळायला लागली. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ठेचकाळत. मला वाटलं, डोळे बिघडले. चष्मेवाल्याकडे नेलं, तर तिनं तक्त्यावरची बारीक ओळ तर वाचलीच, वर कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. शेवटी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "वर्गात सगळे असंच वाचतात. मी पुढे गेले की बाई थांब म्हणतात, आणि सगळे माझ्याकडे बघतात." ताई, येत नसताना येतं म्हणणारे पुष्कळ पाहिले. येत असून येत नाही असं दाखवायला शिकलेली पोर मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती आपल्याच घरात.

मग मात्र मी उठलो. कडक इस्त्रीचा सदरा चढवला (गळ्याचं बटण तुटलेलं, कारण शिंप्याच्या घरी शिंप्याचं काम शेवटी होतं) आणि बारकीला घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. वर्गबाईही तिथंच होत्या. ठणकावून सांगितलं, "बाई, आम्ही कपडा वयावर बेतत नाही, अंगावर बेततो!" चौथीचं पुस्तक पुढ्यात आलं. बारकीनं ते घडाघडा वाचलं, आणि पान संपल्यावर न उलटताच पुढची गोष्ट मनानं सांगून राजाला डोहात बुडवून मोकळी झाली. मोठ्या बाईंना वाटलं, सगळं पाठांतर. तेव्हा मी वर्तमानपत्रांची हकिगत सांगितली, आणि त्या हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या.

पण खरी थोर माऊली वर्गबाई. मी गेलो होतो त्यांच्याशीच भांडायला. त्या म्हणाल्या, "इतक्या मुलांत हिच्याकडे बघायचं राहून गेलं, चुकलंच माझं." आता वाचनाच्या तासाला त्या स्वतः हात धरून तिला चौथीत नेऊन बसवतात. मधल्या सुट्टीत आपला डबा बाजूला ठेवून वाचलेल्या गोष्टीवर तिच्याशी वाद घालतात. घरी येते ती बडबडतच. या बाईंचे उपकार कसे फेडू? ब्लाउज शिवून देतो म्हटलं, तर तेही घेत नाहीत.

भाऊजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण हे की, तुझ्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं धाडून दे. शेवटासकट असलेलीच. माझ्या कात्रीपासून लांब ठेवीन, तुझी शपथ.

आणखी ता. क. आत्या, मी बारकी. बाबा पाकीट आणायला गेलेत. बाबा शाळेत कपड्याचं काहीच बोलले नाहीत. नमस्कार केला, "आमची मुलगी" म्हणाले आणि त्यांना रडूच आलं. वर्गबाईंनी पाणी दिलं. मग कोणीच बोलेना, म्हणून टेबलावरचं पुस्तक मी घेतलं आणि अजिबात न अडखळता वाचलं. वर्तमानपत्राचंही मीच सांगितलं. हे बाबांना सांगू नकोस. घरी येताना रस्ताभर ते माझा हात धरून हसत होते.