मोठ्या पोरीची बाबागाडी

३ डिसेंबर २०२३, रविवार

बाबागाडीवरून भांडण. आठ वर्षांच्या पोरीला बाबागाडी! एवढं बोलून हे अर्धा चहा तसाच टाकून गच्चीवर गेले.

मी काय जगावेगळं मागितलं? नाताळच्या सुट्टीत खोपोलीकडच्या त्या मोठ्या पार्कला जायचं ठरलंच आहे, तर ईश्वरीसाठी ढकलायची गाडी बघू, इतकंच म्हटलं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालायचं असतं तिथं. ऑफिसातली एक जण जाऊन आली, तिच्या फोननं अठरा हजार पावलं दाखवली. आणि ईशूचे पाय संध्याकाळ झाली की दुखतात. डॉक्टर म्हणाले वाढीचं दुखणं आहे, तेल लावा. म्हणजे दुखतंय ना? नाटक तर नाही ना?

यांचं म्हणणं — एवढी मोठी घोडी गाडीत बसवली तर लोक हसतील. खो-खो खेळताना बरे दुखत नाहीत पाय. आणि वर — "मोठं पोरगं चालतंच. तू नाही का चाललीस मेंढरांमागं?"

चालले की. म्हणून तर म्हणते. पण हे तोंडाबाहेर आलं नाही. भाजी करपली.

५ डिसेंबर

ईशूनं विचारलं, "मम्मी, मी मोठी आहे का लहान?" म्हटलं दूध पी.

८ डिसेंबर

ऑफिस सुटल्यावर औरंगपुऱ्यात एका दुकानात शिरले. चाचा म्हातारे, बोलायला गोड. "बाजी, बच्चा कित्ता बडा है?" मी सांगितलं, चार वर्षांचं. वजन? बावीस किलो. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं. "चार साल में बाईस किलो? माशाल्ला." मला हसू आलं आणि रडूही. खोटं बोलायची सवय लहानपणापासूनची, पण अजून जमत नाही नीट.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या आशाबाईंकडं गेले. त्यांच्या नातवाची गाडी पडून आहे, दणकट, पंचवीस किलो झेपतं म्हणाल्या. मी उचलून खाली आणली, बोळात भिंतीला लावून ठेवली. यांनी पाहिली आणि अंग चोरून बाजूनं निघून गेले.

१० डिसेंबर, रविवार

लिहूनच टाकते. कुणी वाचत नाही ही वही.

आमच्या वाड्यावर एक रीत होती. वाडा म्हणजे घर नव्हे — मेंढरं, घोडी, भांडीकुंडी, माणसं, सगळं चालतंबोलतं गाव. मुक्काम हलला की पुरुष मेंढरं चारत मागून यायचे आणि बायका घोडी घेऊन पुढं. घोड्याच्या दोन्ही अंगांना झोळ्या. झोळीत कोंबड्या, पातेली, आणि ज्यांना चालता येत नाही ती सगळी — तान्ही पोरं आणि त्याच दिवशी जन्मलेली कोकरं. वाटेत मेंढी व्याली की कोकरू वर चढायचं आणि जे पोरगं त्यातल्या त्यात मोठं, ते खाली उतरायचं. कुणाला यात काही वाईट वाटायचं नाही. कोकरू मेलं तर नुकसान. पोरगं काय, चालतं.

मला तर घोड्यावर बसल्याचं आठवतच नाही. माझ्यामागं भाऊ सूर्यभान, त्याच्यामागं केरबा. मी नेहमीच त्यातल्या त्यात मोठी.

केरबाचं नाव किती वर्षांनी लिहिलं!

१३ डिसेंबर

सकाळी पाणी भरायला उठले. बोळात गाडीत कुणीतरी बसलं होतं. गुडघे जवळ घेऊन. दिवा लावला तर यांचं जर्किन — कुणी टाकलं होतं कुणास ठाऊक. जर्किन उचलून खुंटीला लावलं. गाडीचं कापड हाताला गार लागलं. हंडा भरून वाहून गेला तरी मी तिथंच.

१६ डिसेंबर, शनिवार

आई आली. सोयगावाहून सूर्यभाननं बसमध्ये बसवून दिली. आम्ही पार्कला जाऊ तेव्हा घर सांभाळायला आणि डोळे दाखवायला, दोन्ही कामं. येताना बाजरी, लसूण, तीळ — जड पिशवी स्वतःच उचलून आणली. कुणाला हात लावू देईल तर म्हाळसाबाई कसली!

बोळात गाडी बघून थांबली. "ही कुणाची?"

ईशू म्हणाली, माझी. आई हसली नाही, चिडवलंही नाही. वाट अडत होती म्हणून गाडी सरकवायला गेली, आणि सरकवायच्या आधी वाकून आत हात घातला. तळापर्यंत. चाचपून पाहिलं. मग सरकवली.

यांना काही वाटलं नाही. ईशूलाही नाही. मी मात्र मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१९ डिसेंबर

आज लिहिणारच. तीन दिवस वही उघडते आणि मिटते.

सत्त्याण्णवचा डिसेंबर. मी दहाची, केरबा पाचाचा. थंडी कडक. सूर्यभान बापाबरोबर मेंढरांत. दोन घोडी — पुढं आईचं, मागं काकूचं. दुपारी वाटेत दोन मेंढ्या व्याल्या. बापानं कोकरं आणून दिली. आईनं केरबाला झोळीतून काढला, कोकरं घातली, म्हणाली, "राजे, ह्याला धर. आन् तू रं, आक्का सांगल तसं करायचं." आणि निघाली. घोडं थांबत नाही.

केरबा थोडा चालला. मग पाय दुखतात म्हणून रडायला लागला. मी त्याला ओढलं. मग दोन धपाटे दिले. एवढा मोठा झाला, लाज नाय वाटत, असं म्हटलं. हे शब्द माझे, दुसऱ्या कुणाचे नाहीत. परवा हे ईशूलाही हेच बोलले, ते ऐकून अंगावर काटा आला तो यासाठी. तो खालीच बसला. एक पळस होता, त्याच्या बुडाशी. आई लांब गेली होती, घोडं बोटाएवढं दिसत होतं. मी म्हटलं, "बस इथंच. मागून काकूचं घोडं येतंय, त्यावर ये. उठू नको." आणि मी पळाले. मोकळी झाले म्हणून मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. बरं वाटलं.

काकू घोड्याला पाणी पाजायला ओढ्याकडून गेली होती. ती त्या वाटेनं आलीच नाही.

मुक्कामावर मी एकटीच आलेली बघून आईला वाटलं केरबा काकूकडं. काकूला वाटलं आईकडं. माणसं सगळी दमलेली, कोण कुणाला विचारतंय? अंधार पडताना काकूचं घोडं मोकळं करायला आई गेली. केरबाला घ्यायला झोळीत हात घातला. हाताला कोकरू आलं. दुसऱ्या झोळीत घातला. पातेली. मग परत पहिलीत, तळापर्यंत.

मला विचारलं. मी म्हटलं, हात सोडला त्यानं. मधीच कुठं पळाला, मी पाहिलं नाय. दहा वर्षांच्या पोरीनं न अडखळता सांगितलं. वाट सांगितली असती तर अर्ध्या तासात आणला असता. पुरुषांनी भलतीकडं शोधलं.

उजाडताना सापडला. पळसाखाली. जिथं सांगितलं तिथंच, गुडघे जवळ घेऊन. जिवंत होता. मग ताप भरला. चौथ्या दिवशी गेला.

पुढच्या जूनमध्ये मला वसतिगृहाच्या शाळेत घातलं. वाड्यावरची पहिली पोरगी शाळेत गेली म्हणून सगळे कौतुक करतात अजून. मला ठाऊक आहे कौतुक कसलं. आईला मी डोळ्यांसमोर नको होते. शिकले, नोकरी लागली, मुकुंदवाडीत घर झालं — सगळं त्याच्या जिवावर.

२१ डिसेंबर

सांगून टाकावं का आईला? आज शेंगा फोडत दोघीच बसलो होतो. तोंड उघडलं आणि मीठ कमी आहे का विचारलं.

२३ डिसेंबर, शनिवार

गाडी न्यायची नाही. खाजगी बसवाला नाही म्हणाला, असं हे म्हणतात. विचारलं तरी होतं का, देव जाणे. पार्कात भाड्यानं मिळते म्हणे. मी वाद घातला नाही. जिच्या हातून एवढं झालं तिनं मोठ्या पोरांच्या पायांवर कशाला बोलायचं?

आईनं ईशूच्या पायांना तेल लावलं. बराच वेळ. नंतर माझ्या पायांकडं बघत बसली. मी पाय पदराखाली घेतले.

२६ डिसेंबर, मंगळवार. पार्कजवळचं लॉज

दोघं झोपलीत, आता लिहिते.

तीन वाजेपर्यंत सगळं छान. ईशू पळत होती, हे माझ्याकडं बघत होते — बघ, कसली गाडी न् काय. मग पाण्यात पडणाऱ्या नावेच्या रांगेत हे उभे राहिले आणि ईशू बाकावर बसली. मम्मी, पाय. चेहरा उतरलेला. मी म्हटलं गाडी घेऊन येते. आणि पुढचं माझ्याच तोंडून आलं, मला ऐकू आलं — "बस इथंच. उठू नको."

गाड्या दरवाजापाशी. तिथंही रांग. खिडकीतला म्हणाला लहान मुलांनाच देतो, मी भांडले, शेवटी मिळाली. फोन यांच्या पिशवीत राहिलेला. वाट चुकले, दोनदा त्याच कारंज्यापाशी आले. पाऊण तास गेला असेल. बाक रिकामा होता.

यांच्या रांगेत नव्हती. हे रांग सोडून एकीकडं पळाले, मी दुसरीकडं, गाडी ढकलत, लोकांच्या टाचांवर घालत. रिकामी गाडी इतकी जड कशी लागावी? मी ईशू म्हणून हाक मारत होते, असं मला वाटत होतं. एका बाईनं विचारलं, केरबा किती वर्षांचा आहे?

तेवढ्यात वर भोंग्यातून माझं नाव. राजश्री बन्सी, मुकुंदवाडी — आपण हरवला आहात, आपली मुलगी चौकशी खिडकीपाशी वाट बघते आहे.

मी हरवले होते! पोरगी गार्डकडं जाऊन म्हणाली होती, माझी आई सापडत नाही. खिडकीपाशी खुर्चीवर बसून बिस्कीट खात होती. मी हात उगारला. खरंच मारणार होते. "बस म्हटलं होतं ना? कामून उठली?"

ती घाबरली नाही. म्हणाली, "तू आलीच नाहीस. मग मी किती बसायचं?"

हात तसाच राहिला. हे आले. मी जमिनीवर बसले होते आणि ईशू माझं डोकं कुरवाळत होती. तिला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय.

गाडीत ती बसली. दरवाजापर्यंत. कुणी हसलं नाही. यांनीच ढकलली.

२७ डिसेंबर

किती बसायचं. किती बसायचं. किती बसायचं.

२९ डिसेंबर

आईला आज सगळं सांगितलं. पळस, धपाटे, खोटं. लसूण सोलणारे हात थांबले नाहीत. म्हणाली, ठाऊक हाय. केरबानं दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं तिला — आक्का म्हणली बस, मी बसलो. सव्वीस वर्षं ठाऊक. कुणाला कळू दिलं नाही, बापालाही नाही.

मग मला शाळेत का टाकलं, विचारलं. मला वाटलं होतं तुला माझं तोंड बघवत नव्हतं.

आई म्हणाली, "त्याला उतरवला मी, आन् धरायला दिला तुला. तू बी दहाचीच व्हतीस, राजे. तुझे बी पाय दुखत आसतील त्या दिशी. तुला कुणी इचारलंच नाय. म्हून म्हणलं, ही आता चालायची नाय, ही बसून शिकंल."

मी आठवून पाहिलं. दुखत होते.