बाराव्या दिवसाचा दोरा

हार्लो क्रीक, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, २२ मार्च १८०२

सिनेटर थेरन व्हिटलॉक यांस,

महाशय, आपण व आपल्या घरची मंडळी खुशाल असाल. असणारच. आपल्या मुलांना बोस्टनच्या डॉक्टरांनी टोचलं होतं, आमच्या दोऱ्यानं नाही.

शनिवारी सकाळी मी उकडलेला घेवडा मडक्यात भरत होते. रविवारी आम्ही रांधत नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशीच. काकवी ओतली, खारवलेल्या मांसाचा तुकडा वर ठेवला, चुलीतली राख साबणासाठी चाळून ठेवली. माझी लेक लॉयस कोंबड्यांची अंडी शोधत होती. तेवढ्यात तुमचे कारकून मिस्टर स्प्रेग बूट न पुसता आत आले.

"बाई, सिनेटरसाहेब तुमच्या डॉक्टर यजमानांच्या स्मरणार्थ पुस्तिका छापताहेत. देवीच्या टोचणीबद्दल दोघांचा जो पत्रव्यवहार झाला, तो त्यात येईल. तुमच्याकडची पत्रं हवीत."

"आणि त्या गेलेल्या तीन मुलांबद्दल काय छापणार?"

"हेच, की डॉक्टर भले गृहस्थ होते. वयोमानानं हातून चूक झाली."

"एक्केचाळीस वर्षांचे होते ते, मिस्टर स्प्रेग. तुमच्या साहेबांचं वय काय?"

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "मंगळवारी येतो. सगळी काढून ठेवा. तुमच्या नावाचंही एक आहे म्हणे, तेही."

ते एक पत्र तुम्हाला का हवं, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या नवऱ्यानं तुम्हाला तीनदा लिहिलं होतं. सगळ्या पत्रांच्या नकला मीच केल्या, त्यामुळे शब्द पाठ आहेत. गाईच्या देवीनं टोचल्यावर दंडावर येणारा फोड आठव्या दिवशी फोडावा; पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, त्यात दोरा भिजवून वाळवावा आणि त्यानं पुढच्याला टोचावं. बाराव्या दिवशी ते गढूळ होतं. त्यानं दंडावर फोड उठतो, पण देवी अडत नाही. तुम्ही उत्तर दिलंत, "गावसभा पुढच्या गुरुवारी आहे. चार दिवस उशिराच्या पाण्यानं असं काय बिघडतं? लोकांना दंडावर फोड दिसला की पुरे."

"या माणसाला फोड हवाय, केझी," डॉक्टर हसत म्हणाले होते. "त्यापेक्षा एक मधमाशी पाठवून देऊ."

तुमचं पुढचं पत्र माझ्या नावानं आलं. सोबत वनस्पतींचं पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. मी अक्षरं शिकले ती नवऱ्याच्या औषधांच्या बाटल्यांवरून. मला कुणी कधी पुस्तक पाठवलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतंत, "आपल्यासारख्या वाचणाऱ्या स्त्रीनं पतीचा हट्ट मोडावा. दोरा कसलाही असो, लगेच पाठवावा."

पुस्तिकेत हे नसेल. पुढचंही नसेल, कारण ते तुम्हालाही ठाऊक नाही. डॉक्टरांचा विचार बदलला असंच तुम्ही समजलात.

डॉक्टर बाळंतपणासाठी दोन दिवस गावाबाहेर गेले होते. लॉयसला टोचून बारा दिवस झाले होते. पाणी गढूळ होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी दोरा भिजवला, काचेच्या नळीत घातला, डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि तुमच्या माणसाच्या हातात दिली. रात्रभर पुस्तक वाचत बसले.

तुमच्या गावात एकवीस मुलांना त्या दोऱ्यानं टोचलं. सभेत त्यांचे दंड दाखवून तुम्ही टाळ्या घेतल्या. ऑक्टोबरात खऱ्या देवीची साथ आली, तेव्हा आपली मुलं सुरक्षित आहेत म्हणून आईबापांनी त्यांना आजाऱ्यांच्या घरांत जाऊ दिलं. अकरा जणांना देवी आल्या. तीन गेली. गिरणीवाल्या ड्रूंची टॅबिथा सात वर्षांची होती.

डॉक्टर खबर मिळताच गेले. मिसेस ड्रू त्यांच्या तोंडावर थुंकल्या. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि टॅबिथाची नाडी पाहिली. हे मला तुमच्याच गावच्या माणसानं सांगितलं. भर चौकात लोकांनी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दोरा माझ्या घरचा होता. जबाबदार मी."

तीन आठवड्यांनी गारठ्यात घोड्यावरून परतले ते छातीत कफ घेऊनच. अंथरुणावरून एकदाच विचारलं, "बाराव्या दिवसाचा होता का गं?" मी भांडी घासत राहिले. पाणी निवलं, तरी घासत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाचव्या दिवशी गेले.

तुम्ही मेलेल्या माणसावर ढकलून मोकळे व्हाल आणि मी गप्प राहून, असं तुम्ही धरून चालला होतात. चार महिने मीही तसंच धरून चालले होते. तुमचा राग येतो, पण तुम्ही निदान दुसऱ्याच्या नवऱ्यावर ढकललंत.

पुस्तक सोबत परत करते आहे. फॉक्सग्लोव्हच्या फुलांचं चित्र आहे त्या पानावर काकवीचा डाग पडलाय, तो माझा. मिस्टर स्प्रेगना मंगळवारी पाठवायची तसदी घेऊ नये. डॉक्टरांची पत्रं इथेच राहतील, आणि तुम्हाला हवं असलेलं पत्र आता माझ्याकडे नाही.

काल, रविवारी, मी लॉयसला शेजाऱ्यांकडे ठेवून नऊ मैल चालत तुमच्या गावी गेले, आणि आत प्रार्थना चालू असताना, जिथे लग्नांच्या आणि हरवलेल्या गाईंच्या सूचना लागतात त्या चर्चच्या दारावर, हातोडीनं दोन कागद ठोकले: वर माझा कबुलीजबाब, खाली तुमचं पत्र.

दोरा पाठवणारी,
केझिया पेल्हम