नऊ, सात, चार, दोन

पौष शुद्ध ४, शके १८५८. वडीगोद्री.

सरकारी शाळा उर्दूत, म्हणून मोठी माणसं आकडे शिकायला माझ्या ओसरीवर येतात. मीही कुणाकडं शिकलेलो नाही — सगळं आपलं आपण! आज पाटीवर आकड्यांची माळ मांडली: रिकामी जागा, मग ३, ५, ७. गळलेला आकडा कोणता? चतुराबाई चटकन म्हणाली, "लाभ!" धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, हे मलाही ठाऊक. पण हे गणित आहे.

"एक म्हणा."

"एक म्हणलं की रास सरती, मास्तर."

सगळे हसले. मी अर्धं बरोबर दिलं.

पौष शुद्ध ७

२, ६, १२, रिकामी जागा, ३०. मी वळेपर्यंत चतुराबाईनं वीस लिहिलेले! "फरक दोन-दोनानं वाढून राह्यला," म्हणाली. माझीच रीत — शेजारच्या आकड्यांतला फरक काढा, फरक बोलतो. मी "बरोबर" म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.

पौष शुद्ध १०

थोरली बहीण, अक्का — माझी बायको गेल्यापासून घर तीच बघते — भाजी निवडता निवडता म्हणाली, "चतुराचा भाऊ रखमाजी पुनवेला येऊन राह्यला. हसनाबादला नेतो म्हणं, कायमची. नवरा गेला, सासू गेली, एकटी बाई इथं काय करील?"

मी पाटी पुसत राहिलो.

"आपल्यात विधवेचा पाट लागतो, म्हस्कू. कुणाची चोरी हाय?"

"पुसाच्या महिन्यात असलं बोलत न्हाईत, अक्का!"

"मंग माघात कुणाशी बोलशील? हसनाबादच्या रस्त्याशी?"

पौष शुद्ध ११

चतुराबाई आली नाही. वर्ग लवकर सोडला.

पौष शुद्ध १२

आज आली. सगळे गेल्यावर म्हणाली, "आज मी घालते, मास्तर." पाटीवर मांडलं — ९, ७, ४, २, आणि रिकामी जागा.

आजवर मला एकही माळ अडलेली नाही. फरक दोन, तीन, दोन. म्हणजे पुढचा तीन. दोनातून तीन गेले — "उणे एक!" मी ठासून सांगितलं.

"उणे एक भाकर कशी थापू?"

मग तिनं सांगितलं. सासरे होते तेव्हा एका वक्ताला नऊ भाकरी लागत. ते गेले, सात. मालक गेले, चार. औंदा सासूबाई गेल्या. आता दोन — तिच्या एकटीच्या.

"पुढचं मला येईना, म्हणून इचारलं," म्हणाली. पाटी तिथंच ठेवून गेली.

दोनाचा फरक म्हणजे सासरे. तिनाचा म्हणजे मालक. आणि मी वजाबाकी करून मोकळा झालो होतो!

पौष शुद्ध १४

"अक्का, मी एका वक्ताला किती भाकरी खातो?"

"दोन. झुणका असला की अडीच. का रं?"

"अन् तू?"

"दोन. माझ्यावर बी नजर व्हय?" मग माझ्याकडं नीट पाहिलं, आणि हसून चुलीकडं वळली.

चतुराबाईच्या दोन, माझ्या अडीच, अक्काच्या दोन. रिकाम्या जागेत साडेसहा लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं — अक्षर नीट आलं नव्हतं. पाटी स्वतः नेऊन दिली. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, दारात एकही निघेना. नुसतं म्हणालो, "उत्तर. अक्काला धरून."

तिनं पाटी घेतली. दार लोटलं.

पौष पौर्णिमा

रखमाजी बैलगाडी घेऊन आला आणि रिकामीच घेऊन गेला. चतुराबाईनं पाटी परत आणून दिली. माझं उत्तर पुसलेलं. तिथं सात.

"अर्धी भाकर थापता येत न्हाई, मास्तर."

तिचं बरोबर.