ताक्याच्या टोकावरची लांबी

३ नोव्हेंबर, सकाळी
मी बोलते, मोबाईल लिहितो. मला अक्षर वाचता येत न्हाई, म्हंजे ही रोजनिशी माझ्यापासनंही लपलेली. आकडे तेवढे येतात. माधवनगरच्या मिलमध्ये कापडाचे ताके घडी करण्यात जन्म गेला.
संकल्प: नात ब्राह्मी पुण्यात कॉम्प्युटरवर काय करती ते शिकायचं. फोनवर बोलायला विषय होईल. एकटं वाटतं म्हणून न्हाई.

५ नोव्हेंबर
शिकले! ब्राह्मी म्हणाली, निरोप कुठं संपतो ते मशीनला कळत न्हाई, म्हणून आधी लांबी लिहायची, मग मजकूर. म्हटलं, अगं, ताक्याच्या टोकावर मीटर लिहितात तसंच की! लांबीचा आकडा मोठा असला तर त्याचेही तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर ‘अजून आहे’ अशी खूण, शेवटच्यावर नसते. आजी, तुझ्या बोलण्यात तो शेवटचा तुकडाच नसतो, म्हणाली, आणि मीटिंगला पळाली. लय हसले. हसून झाल्यावर घर लय गप्प.

६ नोव्हेंबर
बोलून निरोप पाठवला की त्याची लांबी आधीच दिसती. म्हणून भरगच्च पाठवायचा. आपल्या माणसाला कटपीस देत न्हाईत. अकरा मिनिटं बोलले. पंधरा तारखेला, रविवारी सांगलीत मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय, तू ये, हे शेवटी घातलं. पदर शेवटीच येतो.

८ नोव्हेंबर
उत्तर न्हाई. शेजारची सुरेखा म्हणाली, आवं आजी, समोरच्यानं ऐकलं की हा माईक निळा होतो, तुमचा राखाडीच हाय. तिलाही मोतीबिंदू झाला असणार. न्हाईतर मोबाईलचा निळा रंग कच्चा.

१० नोव्हेंबर
दुसरा ताका पाठवला. चौदा मिनिटं. तोही राखाडी. कच्चाच रंग.

१२ नोव्हेंबर
ब्राह्मीचा फोन, घाईतला. लांबी आधी लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणाली: नको तो मजकूर न उघडता ओलांडता येतो. बरोबर! व्यापारीही आकडा बघून ताका बाजूला सारायचे. ऑपरेशनचं मी काढलं न्हाई. निरोपात हायच की.

१५ नोव्हेंबर, रविवार
सुरेखा घेऊन गेली, घेऊन आली. डोळ्याला पट्टी. दिवस बुडायच्या आत जेवले, तवा सहज मोबाईलमध्ये बोलले, जेवलीस का? एवढंच.
लगेच निळा झाला. उघड्या डोळ्यानं बघितला.
जेवते म्हणाली. काही विशेष? न्हाई म्हटलं.
वरचे दोन्ही ताके राखाडी.
रंग पक्का हाय.