एकाच चुकीचा खेळ

बाबा, मी मोबाइलवर खेळ बनवतोय. तू असतास तर म्हणाला असतास, "म्हातारपनी याड लागला काय?" लागलंय. सूनबाई शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, प्रत्येक ठोकळ्यात एक हुकूम, आणि पडद्यावरचं चित्र तसं वागतं. एका रविवारी ती धडा तयार करत बसली होती, मी म्हटलं, मलाही दाखव. पनवेलच्या या चौथ्या मजल्यावर मी दुसरं करतो काय? गॅसचं बटण बंद आहे का ते चार वेळा बघतो, आणि डोक्यावरून विमान गेलं की खिडकीची काच धरून उभा राहतो.

खेळात मी आपलं मिठागर केलं. म्हणजे शेठचं, पण राबायचो आपण. वर खाडी, खाली मिठाचे पांढरे वाफे, मध्ये उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचा तो लाकडी दरवाजा. पाणी खुणेला लागलं की बोटाने उघाडी बंद करायची. नाही केली तर पाणी वाफ्यांवर जातं आणि पिकलेलं मीठ विरघळतं. एवढंच. एवढ्यासाठी मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी पाणी वर चढायच्या ऐवजी पडद्याखाली पळालं, कारण मी आकड्यापुढे उणे चिन्ह घातलं होतं. मग उघाडी बंद झाली ती उघडेचना. रोज भीती, की सगळं पुसलं जाणार. "सेव्ह झालं का गं?" "झालं, पप्पा. तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही." पण त्या यंत्राने मला एकदाही बावळट म्हटलं नाही. चुकलं की तिथूनच परत जोडायचं.

मग सूनबाईने विचारलं, "पप्पा, लाइफ किती देऊया? तीन?" म्हटलं, लाइफ म्हणजे? "म्हणजे दोनदा चुकलं तरी खेळ चालू राहतो. तिसऱ्यांदा आउट." मी म्हटलं, एकच ठेव. "एकच? पाचवीतली मुलं आहेत, पप्पा, रडतील." रडू देत. एकदा मीठ गेलं की गेलं. "बापरे, तुमच्या हाताखाली नोकरी नको कुणाला," म्हणून ती हसली. शुक्रवारी तिने खेळ वर्गात नेला. एका मुलीने दोन मिनिटांत फोन खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा ज्याने बनवलाय त्याला लहानपणी खूप मारलंय का कुणी?"

तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. पुनवेची भरती आहे, मी तेरा वर्षांचा. तू मला उघाडीवर बसवून भाकरी खायला जातोस. परत येतोस तेव्हा पाणी वाफ्यांवर पसरलंय आणि मी पुस्तक छातीशी धरून उभा. तू पाण्यात उतरतोस, मूठभर मीठ वर काढतोस आणि ते बोटांतून गळताना बघतोस. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. सातवीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मास्तर स्वतः सायकल हाकत बांधावर आले. तू मानही वर केली नाहीस. "मास्तर, तुमी तुमची शाला बघा. माजा मीठ पुस्तकानं खाल्ला."

एक चूक, बाबा. दादा त्याच सातवीत दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा तू त्याला परत बसवलंस. आईला म्हणालास, "व्हईल गो, तिसऱ्यांदा व्हईल." त्याला तीन! म्हणजे ही रीत तुला ठाऊक होती. मग माझ्या वेळी कुठे गेली? दादा ऑफिसात खुर्चीवर बसला. मी आगरात राबलो, आणि आगर बंद पडल्यावर कळंबोलीत ट्रकमधून लोखंड उतरवलं. कुणी फॉर्म पुढे केला की माझ्या हाताला घाम सुटायचा, अजून सुटतो. आता त्या आगराच्या जागी उलव्याचे टॉवर उभे आहेत, आणि या वयात मला कळतंय की उणे चिन्ह मला समजतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. याचा राग जात नाही. जावा असं वाटतही नाही.

काल मी एकाचे तीन केले. आकडा बदलायला क्षणभर पुरतो, बोट मात्र कितीतरी वेळ अधांतरी होतं. सूनबाई खूश झाली. म्हणाली, "आता सुरुवातीला दोन ओळी लिहा ना, पप्पा. तुम्ही वाचत होतात म्हणून मीठ गेलं आणि शाळा सुटली, ती तुमची गोष्ट. मुलांना आवडेल." ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय. बायकोला सांगितली, मुलाला सांगितली, सूनबाई तर ऐकून रडली होती. काल लिहायला बसलो आणि लिहवेना. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

पुस्तक माझ्या हातात नव्हतंच, बाबा. तू बांधावरून धावत येताना दिसलास तेव्हा मी ते पिशवीतून काढलं. वाटलं, अभ्यास करत होता म्हणून सोडशील. मी बांधापलीकडे पोरांबरोबर गोट्या खेळत होतो, आणि जिंकत होतो.